पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही

२०२३ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. एका रुपयात पीक विमा त्याच खरिपापासून सुरू झालेला आणि मुदत ३१ तारखेची. धारूरच्या बाजारात ऑनलाइन कामाचं जेवढं म्हणून दुकान होतं, त्याच्यासमोर सातबारा, आधार आणि पासबुक कॅरीबॅगेत घालून माणसं बसलेली. मीही त्यांतलाच, अडीच एकर सोयाबीनचा धनी. माझ्या पुढे सतरा जण.

साडेअकराला लाईट गेली. लगेच आली. परत गेली. दुसऱ्यांदा आली ती टिकली. ट्यूब लुकलुकून लागली, प्रिंटर घरघरला, कॉम्प्युटरच्या डब्यावरचा निळा दिवा पेटला आणि आतला पंखाही फिरायला लागला. पडदा मात्र काळा. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी क्षणभर तरंगली आणि विझली.

“डिस्प्ले नाही,” दुकानदार म्हणाला. ही बातमी रांगेतून मागे जाता जाता “कॉम्प्युटर जळालं” अशी झाली.

शेजारच्या गाळ्यात त्याच्या मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वार्निशचा वास आणि तांब्याच्या तारेची रिळं. त्याआधी मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. भाचा एमएससीआयटी करून या धंद्यात आलेला. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटत नाही. पुढचे दोन तास मी जे ऐकलं, ते असं.

“काय झालं?” मामा दारात उभे राहून म्हणाले.

“सीपीयू गेला बहुतेक.”

“सीपीयू म्हणजे काय गेलं? त्या डब्यात दहा सामानं हायेत.”

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडे त्या पत्र्याच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आत मदरबोर्डावर पंख्याखाली बसलेला बिस्किटाएवढा तुकडा. डब्याला एकच नाव दिलं की डब्याचा आजारही एकच होतो, आणि एकाच आजाराला औषधही एकच असतं: नवा घ्या. मामांची पहिली चिडचिड त्या नावावरच होती.

भाच्याने दरम्यान वायर काढली होती आणि पॉवरचं बटण दाबून धरून तो मनात तीसपर्यंत आकडे मोजत होता.

“हे काय करायलास?”

“आत उरलेला करंट सांडतो. बोर्ड अर्धवट जागं अर्धवट झोपेत अडकलेलं असेल, तर साफ झोपवून उठवायचं. लाईट अशी मागेपुढे झाली की पुष्कळदा एवढ्यावर सुटतं.”

मामांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना पटली. पण त्या दिवशी एवढ्यावर सुटलं नाही.

“आधी पडद्याला विचार,” मामा म्हणाले. “टीव्हीच्या टायमाला गिऱ्हाईक म्हणायचं, ‘टीव्ही बंद पडला.’ मी विचारायचो, आवाज येतो का? आवाज हाय न चित्र न्हाई, तर एका बाजूला जायचं. दोन्ही न्हाई, तर दुसऱ्या. रामायण लागायचं बघ, सत्त्याऐंशीला. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत टीव्ही चालू करून द्या म्हणून माझ्या दारात ही असली रांग. घाई तेव्हाबी होती.”

भाच्याने मॉनिटरमागची केबल उपसली. पडद्यावर लगेच केबल तपासा असा चौकोन उमटला. म्हणजे पडद्याचे डोळे शाबूत, त्याला दाखवायला कुणी काही देत नव्हतं. केबल दुसरी लावून पाहिली, तेच. मॉनिटरचा निकाल दोन मिनिटांत लागला.

“आता रॅम,” भाचा म्हणाला. “पन्नास वेळा हेच निघालंय. धूळ, पावसाळ्याची ओल, पट्टीवर काळपटपणा धरतो. काढायची, पुसायची, दाबून बसवायची.”

खोडरबर दुकानात नव्हतं. रांगेतल्या एका बाईंनी पोराच्या दप्तरातून काढून दिलं. रॅमच्या सोनेरी दातांवरून ते असं हलक्या हाताने फिरवायचं, चुरा फुंकायचा, खाचेत बसवताना दोन्ही कानांचा ‘टक्’ ऐकायचा. भाच्याचा हात सराईत होता. बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेलही त्याने पाच मिनिटं काढून ठेवला, म्हणजे बोर्डाने मनात धरलेली सेटिंग पुसली जावी. मामा बघत होते, बोलत नव्हते. त्यांच्या लेखी हा नवस होता.

डिस्प्ले नाही.

मग भाच्याने जे केलं ते मला सगळ्यात हुशारीचं वाटलं. दोन्ही रॅम काढून टाकल्या आणि मोकळ्या बोर्डाला चालू केलं. “रॅम नसली की बोर्डाने बोंब मारायला पाहिजे, बीप बीप करून. बोंब मारली तर बोर्ड जिवंत, दोष रॅमचा. गप्प बसलं तर...”

आम्ही सगळेच कान देऊन बसलो. पंखा फिरत होता. बोंब नाही.

“बोर्ड गेलं,” भाचा म्हणाला. अंबाजोगाईच्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला त्याने फोन लावला. पलीकडूनही तेच उत्तर आलं, न बघता: जुनं आहे, बोर्डच गेलं असेल, सेकंडहँड चार हजारात बसवून देतो, संध्याकाळी गाडीवर टाका.

“झालं,” मामा म्हणाले. “वैद्याने फोनवर नाडी बघितली.”

“मामा, रोज दहा डबे उघडतो तो. त्याला अनुभव आहे.”

“अनुभव हाय म्हणूनच बघंना झालाय. बोर्ड गप्प हाय एवढंच तुला कळलं. कामून गप्प हाय, ते कुठं कळलं? माणूस गप्प असला म्हणजे मेलाच असतो का? कुणी तोंड दाबलं असलं तर?”

“तोंड कोण दाबणार?”

“सप्लाय.”

“सप्लाय चालू आहे की! पंखा फिरतोय, दिवा लागलाय.”

मला वाटतं या एका वाक्यावर महाराष्ट्रात रोज कितीतरी चांगले बोर्ड भंगारात जात असतील. मीही तोवर तेच मानत होतो: पंखा फिरतोय म्हणजे वीज पोचली. मामांनी स्टूल ओढलं.

“तुझा तो एसएमपीएस भिंतीतले दोनशे तीस व्होल्ट घेऊन बारा, पाच आणि सव्वातीनच्या आसपास असे तीन हिस्से करतो. बरोबर?”

“बरोबर. पिवळी वायर बारा, लाल पाच, केशरी तीन पूर्णांक तीन.”

“पंखा कशावर? बाराच्या वायरीवर. बाराच्या जागी साडेदहा मिळाले तरी तो फिरणार, जरा सुस्त. त्याला हिशेब नसतो. आपला छताचा पंखा दिवाळीत लाईट मंद झाली तरी फिरतोच की. पण बोर्डाला बारा म्हणजे बाराच लागतात, पाच टक्के इकडं-तिकडं. साडेअकराच्या खाली आला की गडबड. आणि ती करडी वायर कशाची?”

भाचा थांबला. “पॉवर गुडची.”

“म्हणजे तुला म्हाईत हाय.”

“म्हाईत आहे. एसएमपीएस सगळे व्होल्टेज नीट झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत त्या वायरीवर पाच व्होल्ट देतो. ते मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही.”

“मग? घरधन्याने ‘या’ म्हटल्याशिवाय पाव्हणा उंबऱ्यात उभा. तू म्हणायलास पाव्हणा मेला.”

रांगेत हशा पिकला. भाचा हसला नाही. आणि त्याने जे उत्तर दिलं ते मला अजून खोडता आलेलं नाही.

“मामा, तुमचं सगळं खरं आहे. पण माझ्याकडं साठ माणसं बसलीत. तुम्ही एका मोटारीला दोन दिवस घेता, गिऱ्हाईक थांबतं, कारण मोटार पंधरा हजाराची. इथं एसएमपीएस काही शे रुपयांचा. शोधण्यात दोन तास घालवायचे आणि सातशेची वस्तू सापडायची? वस्तू बदलून बघणं हीच तपासणी. माळ्यावर जुन्या डब्यातला एसएमपीएस पडलाय. लावतो, पाच मिनिटांत कळेल. मीटर लागतच नाही.”

“लाव ना. पण मघाशी तू एसएमपीएस बदलत नव्हतास, बोर्ड मागवत होतास. चार हजाराचं नवं बोर्ड आणून ह्याच सडक्या एसएमपीएसवर जोडलं असतं, तर?”

भाचा गप्प. पंखा फिरत होताच.

तोवर भाच्याची बायको मोबाइलवर अर्ज भरत होती, एकेकाला वीस-वीस मिनिटं लावून. रांग सतरावरून पंधरावर आली.

मामांनी शेजारून मीटर आणला. करड्या वायरीच्या मागच्या बाजूने सुई खुपसली, दुसरी काळीवर. आकडा शून्यावर घुटमळला. पिवळीवर दहा पूर्णांक आठ. मामांनी आकडा भाच्याला दाखवला, आम्हाला नाही. याचं मला बरं वाटलं.

“उघडून बघू का?” भाच्याने एसएमपीएसच्या स्क्रूला हात घातला.

“हात काढ! डबा उघड, बोर्ड उघड, काय ते उघड. ते पत्र्याचं खोकं उघडायचं न्हाई. आतल्या मोठ्या कपॅसिटरमधी तीनशेच्या वर व्होल्ट डीसी बसलेलं असतंय, वायर काढली तरी. तुझं बटण दाबून सगळं सांडलं म्हणून इसवास ठेवू नको.” मग जाळीतून बॅटरी मारून त्यांनी आतलं दाखवलं. दोन कपॅसिटरची डोकी, जी सपाट हवीत, ती फुगून वर आली होती, एकाच्या टोपीवर तपकिरी डाग. दोन हजार सालाच्या आगेमागे बाजारात असल्या कच्च्या कपॅसिटरची जगभर लाट आली होती, मोठमोठ्या कंपन्यांना बोर्डच्या बोर्ड बदलून द्यावे लागले. हे खोकं त्या लाटेतलं नव्हतं, नुसतंच स्वस्त होतं.

इथपर्यंत मामा जिंकले असं रांगेचं मत पडलं. पण माळ्यावरून एसएमपीएस उतरवता उतरवता भाच्याने खरा प्रश्न काढला.

“कपॅसिटर फुगायला महिने लागतात. मग आजच का मेला? सकाळी नऊपासून चालू होता.”

“कारण आज लाईट आली.”

“गेली म्हणा.”

“आली म्हणतो. जाताना लाईट कुणाचं काय बिघडवत न्हाई. यंत्र निजतं. बिघडतं ते येताना. एसएमपीएसच्या तोंडाशी एक काळी चकती असते, एनटीसी. गार असली की ती करंटला अडवती, म्हणून रिकामा कपॅसिटर पहिला घोट सावकाश घेतो. मग ती गरम होती आणि वाट मोकळी करती. आता लाईट गेली न दोन सेकंदात आली, तर चकती अजून गरमच. दार उघडंच. आत लोंढा घुसतो. आज हे असं दोनदा झालं. म्हातारा कपॅसिटर किती झेलंल?”

यावर भाचा काही बोलला नाही, फक्त स्क्रूड्रायव्हर थांबला. बाहेर बसलेल्या एका बुवांनी मात्र तोंड उघडलं. “पर परळीच्या वीजकेंद्राची चिमणी हितून एवढी जवळ. लाईट जातीच कामून?”

“बुवा, परळीत पहिला संच लागला १९७१ ला, तीस मेगावॉटचा. तवापासून लोक हेच विचारत्यात. तिथली वीज आधी सगळ्यांच्या तळ्यात पडती, मग तळ्यातनं आपल्याला वाटा. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळी बंद पडली, तवा काय धारूर महिनाभर अंधारात व्हतं का? तसंच हाय, उलटं.”

“आणि लाईट कुठंही जाऊ शकते ते मुंबईलाही कळलंय,” भाचा म्हणाला. “१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी. देशभर बातमी. आपल्याकडं रोज जाते, बातमी नाही.”

मामांनी याकडे लक्ष दिलं नाही. ते भिंतीतल्या सॉकेटपाशी वाकले होते. “लाईट येताना काय होतं ते सांगतो. शिवारात सगळ्यांनी मोटारीला ऑटो लावलंय, रात्री उठायला नको म्हणून. लाईट आली की समद्या मोटारी एकदम उठत्यात. व्होल्टेज झपकन खाली. त्यातल्या काही ट्रिप झाल्या की झपकन वर.”

“ते जुनं झालं मामा. शेतीचं फीडर वेगळं, गावठाणाचं वेगळं. बाजारातल्या लाईटीला शिवारातल्या मोटारी कशा ओढतील?”

“फीडर वेगळं, सबस्टेशन तर एकच ना?”

“एक असलं तरी ओढ तेवढी राहत नाही. हे तुम्ही रेटून नेताय.”

मामांनी जरा विचार केला. “बरं, ते सोड. न्यूट्रल तरी तुला मान्य हाय का? डीपीवर न्यूट्रल ढिला झाला, की तीन फेजमधला ज्याच्यावर लोड कमी, त्या घरात दोनशे तीसच्या जागी तीनशे, साडेतीनशे. दोन फेजमधी चारशेच असतात, तिथपर्यंत जाऊ शकतंय. एका घरात बल्ब पिवळा जळतो, शेजारच्याचा फुटतो. मागं आपल्या गल्लीत एका दुपारी चार टीव्ही गेले.”

“हे मान्य. पण आज न्यूट्रल गेला असता तर ह्या ट्यूबाही गेल्या असत्या. आज नव्हता गेला.”

“आज न्हाई,” मामा म्हणाले. त्यांनी हे पटकन कबूल केलं, आणि मला वाटलं, या माणसाने आयुष्यभर मोटारी कशा बऱ्या केल्या असतील ते आता कळलं.

“मामा, पण माझ्याकडं यूपीएस आहे. तरी का गेला?”

मामांनी यूपीएसची वायर भिंतीतून काढली. त्याच क्षणी त्याचा दिवा विझला, एक कुईं आवाज आला, संपलं.

“बॅटरी कवाची?”

“घेतला तेव्हाची.”

“बारा व्होल्टची ती बॅटरी दोन-तीन वर्षांत मरती. बॅटरी मेलेला यूपीएस म्हणजे महागातलं एक्स्टेंशन बोर्ड. आणि ही तिसरी पिन बघ.” सॉकेटचं वरचं भोक दाखवत ते म्हणाले, “आत वायरच न्हाई. तू रोज म्हणतोस ना, सीपीयूला हात लावला की मुंग्या येत्यात? पावसाळ्यामुळं न्हाई येत त्या. एसएमपीएसच्या आत दोन लहान कपॅसिटर चुकार करंट अर्थिंगला सोडायला बसवलेत. अर्थिंगच न्हाई म्हटल्यावर तो पत्र्यावर येऊन बसतो, भिंतीच्या निम्म्या व्होल्टेजचा. करंट थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या.”

“गाळा भाड्याचा आहे. मालकाला दहादा सांगितलं.”

“आन् मालक म्हणतो दोन फुटांवर मुरूम लागतो, खड्डा कोण खणंल.” बालाघाटावरचं आमचं गाव, खाली काळा पाषाण, वर मातीचा पापुद्रा. उन्हाळ्यात कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डाही पाणी ओतल्याशिवाय काम करत नाही, हे खरं आहे.

“म्हणून म्हणतो,” मामा उठले, “तू डबा आतून उघडायला लागतोस. मी भिंतीपासून चालायला लागतो. किशवरखानाने १५६७ ला आपला हा धारूरचा किल्ला बांधला, तर जिकडनं सपाटीने फौज चालून येईल तिकडं खंदक खणला. महालात न्हाई खणला.”

“आणि १६३१ ला शहाजहानच्या फौजेने घेतलाच की तो किल्ला. खंदक होता तरी.”

या उत्तराला मामांकडे तोड नव्हती. मला वाटतं दोघंही अर्धे-अर्धे बरोबर होते, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. भाच्याच्या गल्ल्यात वर्षाला एक एसएमपीएस जातो, हा त्याने धंद्याच्या खर्चात धरलेला आकडा आहे, चहासारखा. अर्थिंग, स्टॅबिलायझर, यूपीएसची नवी बॅटरी हे मोजलं तर कदाचित तितकेच पैसे होतील. फरक इतकाच की एसएमपीएस जातो तो दिवस निवडून जातो. मुदतीच्या आठवड्यातच.

माळ्यावरचा एसएमपीएस जोडून झाला. मामांनी करड्या वायरीला सुई लावून ठेवली, भाच्याने बटण दाबलं. मीटरवर पाच उभा राहिला. त्यापाठोपाठ बोर्डाने एक बीप दिला, लहानसा, आणि रांगेतली दोन माणसं उभी राहिली. रॅम तोवर परत जागेवर बसवलेली होतीच. पडदा आधी करडा, मग निळा झाला.

“आलं!”

“आता त्या माळ्यावरच्यालाबी बॅटरी मारून बघ,” मामा म्हणाले. “दोन महिन्यांत हाच खेळ.”

“दोन महिन्यांनी विमा नसतो, मामा.”

भाच्याने संकेतस्थळ उघडलं. उघडेना. इंटरनेट चालू, दिवे हिरवे, तरी पान लाल होऊन सांगत होतं की हे ठिकाण सुरक्षित नाही. त्याने राऊटर बंद-चालू केला. मामांनी मीटर गुंडाळायला घेतला होता तो परत उलगडला. दोघं मिळून पाच मिनिटं केबल, पासवर्ड, लाईनवाला सगळ्यांना दोष देत होते. शेवटी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे माझं लक्ष गेलं. सेल काढून ठेवला तेव्हा घड्याळही पुसलं गेलं होतं. तारीख होती १ जानेवारी २०११. एवढ्या मागच्या तारखेवर संकेतस्थळाचे परवाने ग्राह्य कसे धरले जाणार?

भाच्याने कपाळावर हात मारला. बुवा पुढे वाकून बघत होते. त्यांनी ती तारीख मोठ्याने वाचली आणि पिशवी पुन्हा मांडीवर ठेवत भिंतीला टेकले.

“मग घाई कशाची, सर? मुदतीला अजून बारा वर्सं हायेत.”